भिंतीपलीकडचं ऊन पाणी

गटारात वाफाळतं पाणी जाताना दिसलं की माझं डोकं फिरतं. लोक म्हणतात, बाई तापट आहे. असेन. ज्या गावात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी येतं, जिथं माझी आई भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना, कपडे खळबळलेलं पाणी संडासाला अशी वाटणी करत दिवस काढते, तिथं स्वच्छ, तापवलेलं पाणी कुणी नुसतं सोडून देत असेल, तर शांत कसं राहायचं ते मला अजून जमलेलं नाही.

सोलापुराबाहेर हायवेच्या अंगाला एक कागदाचा कारखाना आहे, तिथं मी नोकरी करते. आमच्याकडं झाडं तोडून कागद होत नाही. जुने पुठ्ठे, फाटके खोके, दुकानांतली रद्दी आत येते, पाण्यात भिजून तिचा लगदा होतो आणि दुसऱ्या टोकाला तपकिरी कागदाचे रोल बाहेर पडतात. त्यांचे पुढं डाळिंबाचे खोके होतात, चादरींचे होतात. कागद कसा निघतो ते दुसरे बघतात. त्याच्यासाठी किती जळतं आणि किती वाहतं ते माझ्याकडं. बॉयलर, वाफ, पाणी. खातं वाईट आहे. कागद चांगला निघाला की कौतुक त्यांचं, आणि पाणी कमी पडलं की बोलणी मला.

गोष्ट तशी साधी आहे. ओला कागद बिडाच्या मोठमोठ्या सिलिंडरांवरून फिरत जातो. सिलिंडरांच्या पोटात बॉयलरची वाफ असते. कागद वाफेची ऊब घेतो आणि वाळतो, आणि ऊब गेलेल्या वाफेचं पुन्हा पाणी होतं. हात घालायची सोय नाही असं कढत पाणी, आणि वाफेचंच झालेलं, म्हणजे अगदी नितळ. हे पाणी परत बॉयलरमध्ये नेलं की नवं पाणी कमी लागतं आणि ते तापवायला उसाचं चिपाडही कमी जळतं. यात काही विद्वत्ता नाही. घरात कुणी चहाचं आधण फेकून देऊन पुन्हा गार पाणी चुलीवर ठेवत नाही.

पण आमच्या कारखान्यात तेच चाललं होतं. मी कामाला लागले तेव्हा पहिल्याच फेरीत मला मागच्या भिंतीतून आरपार गेलेला एक पाइप दिसला. हात जवळ नेला तर चटका. बॉयलर सांभाळणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत, मैंदर्गीकडचे. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणते. त्यांना विचारलं, "मामा, हा पाइप कुठं जातो?"

"भाईर."

"बाहेर म्हणजे कुठं?"

"भाईर म्हंजे भाईर की, म्याडम. आत ऱ्हायला असता तर आत म्हनलं असतं."

मी तणतणत फाटकातून निघाले आणि अख्ख्या भिंतीला वळसा घालून मागं गेले. तिथं एक वस्ती आहे. आजूबाजूच्या कारखान्यांत जाणारे, विड्या वळणाऱ्या बायका, थोडे हमाल. आमचा पाइप जिथं भिंतीतून बाहेर येत होता तिथं बायका कळश्या, डबे, तेलाचे कॅन घेऊन ओळीनं बसल्या होत्या. आणि पाइपाच्या शेजारीच, भिंतीलाच टेकून, पत्र्याचं एक खोपट होतं. आत एक म्हातारी दोन्ही पाय लांब सोडून पाटावर बसलेली, आणि तिच्या पायांवर पालथं घातलेलं एवढंसं बाळ.

ती न्हाऊ घालणारी. वस्तीतली कुणीही बाळंतीण झाली की बाळाला आणि तिला न्हाऊ घालायचं, अंग रगडायचं, टाळू भरायची, ओव्याची धुरी द्यायची, हे तिचं काम. सगळीकडं न्हाऊ घालणारी घरोघर जाते. हिच्याकडं मात्र बाळंतिणीच चालत यायच्या, कारण ऊन पाणी हिच्या दाराशी होतं. कुणाच्या घरी एवढं पाणी तापवायला गॅस होता? ती कढत पाणी घंगाळ्यात घ्यायची, त्यात अंदाजानं गार पाणी मिसळायची, कोपर बुडवून बघायची, आणि मग बाळावर तांब्या ओतायची. बाळ आधी बोंब मारायचं आणि मग एकदम गप्प व्हायचं.

"पानी बगायला आलाव व्हय, ताई?" तिनं मान वर न करता विचारलं. "लई ग्वाड पानी हाय. बोअरच्या पान्यानं क्यासं कशी चिकाट हुत्यात, ह्यानं बगा, साबन लावायचा अवकाश, फेसच फेस."

खरंच होतं ते. वाफेच्या पाण्यात क्षार नसतात, फेस येणारच. मी तिथं उभी राहून एकाच वेळी चिडत होते आणि बघत राहत होते. मला तिचा राग येत नव्हता. राग येत होता तो असा, की कारखान्याला वाटत होतं आपण पाणी गटारात सोडतोय. पलीकडं माणसं आहेत हे आतल्या कुणाच्या गावीही नव्हतं. आणि खरोखरच बरंचसं पाणी गटारातच जात होतं. बायका उचलून उचलून किती उचलणार? दिवसरात्र धार चालू.

मी मालकांकडं गेले. आमचे मालक माणूस म्हणून वाईट नाहीत. फक्त त्यांना समोरचं दिसतं तेवढंच दिसतं. मी कागद-पेन घेऊन त्यांना समजावलं, हे पाणी परत घेऊ, पाणीही वाचेल, इंधनही वाचेल. आणि त्याच बैठकीत हेही सांगितलं, की भिंतीपलीकडच्या बायकांसाठी ह्यातलाच एक बारीक फाटा ठेवू. त्यांना लागतं ते एकूण पाण्याच्या मानानं काहीच नाही.

"होईल, होईल," ते म्हणाले. "आधी होऊ तर द्या, मॅडम."

होईल, होईल! ह्या दोन शब्दांवर मी विश्वास ठेवला. आमच्याकडं 'होईल' म्हणजे नाही, आणि दोनदा 'होईल' म्हणजे अजिबात नाही, हे मला त्या वेळी माहीत नव्हतं.

दोन उन्हाळे काहीच झालं नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात कारखान्याच्या पाण्यात कपात आली, टँकरवालेही भाव खाऊ लागले, मशीन अधूनमधून बंद ठेवायची पाळी आली. मग मालकांना माझी आठवण झाली. "मॅडम, ते तुमचं परत पाण्याचं काय ते करून टाका." जणू मीच इतके दिवस पदरात लपवून ठेवलं होतं.

केलं. पण कसं केलं ते माझं मला माहीत. इतकं कढत पाणी पंपाला सहज ओढता येत नाही, पंपाच्या पोटात वाफ धरते. म्हणून पाण्याची टाकी चांगली उंच लागते. मी उंची काढून दिली. फॅब्रिकेटरनं टाकी बसवली ती चांगली कमरभर खाली. विचारलं तर म्हणे, "मालकांनी सांगितलं, लोखंड वाचंल." आमच्याकडं सगळे काही ना काही वाचवत असतात. फक्त जे वाचवायचं ते सोडून.

पहिल्या आठवड्यात एका सकाळी आले, तर टाकीच्या चारी अंगांनी पाणी वाहत होतं आणि वाफाळत गटारात चाललं होतं. शिडी चढून वर गेले तर मामांनी गार पाण्याचा रबरी पाइप टाकीत सोडलेला.

"मामा! हे काय आहे?"

"इसण घातलंय की."

"काय घातलंय?"

"इसण ओ, इसण. पानी लई कढत झालं हुतं, पंप वराडाय लागला. म्हनून जरा गार मिसळलं."

आंघोळीच्या कढत पाण्यात गार पाणी घालून ते अंगाला सोसेल असं करतात, त्याला आपण विसण म्हणतो. मामांनी बॉयलरच्या टाकीला विसण घातलं होतं! मला हसावं की रडावं कळेना. "अहो, बॉयलर काय आंघोळीला बसलाय का? ज्या पाण्याची आत जाऊन वाफच करायची, त्याला गार कशाला करता? आणि वरून टाकी भरून निम्मं वाहून चाललंय!"

"बिडरी म्याडम," मामा कानडीतून म्हणाले. सोडा हो, असं. मग पुन्हा मराठीत, "तुमचं शिक्षान बरोबर हाय. पन पंप जळला तर बोलनी मला बसत्यात, तुमच्या शिक्षनाला बसत न्हाईत."

आणि पंपाच्या बाबतीत ते काही चुकीचे नव्हते. टाकीच खाली होती. मी पुन्हा मालकांकडं, मालक पुन्हा होईल-होईलवर, मग मी फॅब्रिकेटरच्या डोक्यावर बसून टाकी उचलवली. तोवर तिकडं मशीनवाल्यांचं निराळंच. सिलिंडरातून पाणी बाहेर यावं पण वाफ येऊ नये, म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक ट्रॅप असतो. आणि ट्रॅप बिघडला तर अडायला नको म्हणून शेजारून एक आडवाटेचा व्हॉल्व्ह असतो. आमच्या पोरांनी ते सगळे आडवाटेचे व्हॉल्व्ह कायमचे उघडे ठेवलेले. पाण्याबरोबर वाफही भुसाभुस निघून जायची. का, तर कागद ओला राहिला तर शिव्या बसतात. मी बंद करायचे, शिफ्ट बदलली की पुन्हा उघडे. मी व्हॉल्व्हचं चाक काढून नेलं तर पाना लावून उघडायचे. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हे. किती वेळा ओरडले असेन! घसा बसायचा. घरी आले की आई न विचारताच हळदीचं दूध पुढं करायची.

शेवटी जमलं. टाकी उंच झाली, पंप गप चालला, आडवाटेचे व्हॉल्व्ह मी कुलूप लावून बंद केले. चिपाडाच्या गाड्या कमी लागायला लागल्या. मालकांनी फाटकाजवळ मोठा फळा लावला, त्यावर पाणी किती परत येतं ते रोज खडूनं लिहायचं. कुणी बघायला आलं की आधी त्या फळ्यापुढं उभं करायचे. मला वाटलं होतं तेवढा आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

आणि भिंतीतल्या पाइपाच्या तोंडावर लोखंडी चकती बसवून बोल्ट आवळले गेले. मी फाट्याचं विचारलं. "आत्ता नको, आत्ताच आकडा चांगला आलाय," मालक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी म्हातारी फाटकाशी आली. वॉचमननं आत सोडलं नाही, मीच बाहेर गेले. ती भांडायला आली असती तर मला सोपं गेलं असतं. भांडणाला मी कधीच कमी पडत नाही. ती नुसती विचारायला आली होती.

"पाइपात काय अडाकलंय काय ओ, ताई? काल सांजच्यापास्नं टिपूस न्हाय."

"अडकलं नाही, मावशी. आता ते पाणी आम्ही आतच वापरतो."

"आत? आत कोन न्हातंय?"

आत कागद वाळतो, बॉयलर असतो, इंधन वाचतं, मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हमालाची सून बाळंत झालीया. उद्या आनत्यात. तिला काय सांगू?"

"मी तुम्हाला पाणी मिळवून देते," मी म्हणाले. "माझा शब्द."

घरी आईला सांगितलं. आमच्याकडं त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. 'नीर बंतु!', पाणी आलं, म्हणून आई कानडीतून ओरडली की घरातली झाडून सगळी भांडी नळाखाली जातात, पातेल्या-वाट्यांपर्यंत. ती कळशी उचलता उचलता थांबली. "म्हणजे बाळंतिणीचं पाणी तोडलंस म्हण की."

"तोडलं नाही ग! परत नेलं. वाया चाललं होतं ते!"

"कुणाच्या वाया?" आई म्हणाली आणि कळशी घेऊन आत गेली. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, ती दुसरं वाक्य बोलतच नाही.

मग मी मालकांच्या मागं हात धुऊन लागले. रोज. जिन्यात, कँटीनमध्ये, गाडीत बसताना. आधी म्हणाले बघू. मग म्हणाले, बाहेर पाणी दिलं तर उद्या सगळी वस्ती फाटकावर येईल. मग म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं. त्याचं पुढं काय झालं कुणास ठाऊक. आणि एक दिवस स्वतःहूनच बोलावून म्हणाले, "मॅडम, तुमचं काम झालं. बायकांना नळ देऊ. बचतीचा सप्ताह आहे, पाहुणे येणारेत, त्यांच्या हस्तेच करू."

मी एवढी खूश, एवढी खूश, की कसला नळ हे विचारायचंसुद्धा सुचलं नाही. मी मागितला होता तो ऊन पाण्याचा फाटा. मला वाटलं, तोच.

नळ बसला तो पुढच्या फाटकाशी. चकचकीत, टाइल लावलेल्या ओट्यावर, वर कारखान्याची पाटी. झेंडूच्या माळा बांधल्या. पाहुण्यांनी नारळ फोडला. भाषण झालं, पाण्याच्या थेंबा-थेंबाचं. मग मालकांना कल्पना सुचली, की पहिलं पाणी मावशींच्या हातूनच सोडू. म्हातारीला पुढं आणलं. ती धुतलेलं लुगडं नेसून, घंगाळं घेऊन आली होती. तिनं तोटी फिरवली, फोटो निघाले, आणि सवयीनं तिनं धारेखाली कोपर धरलं.

"गार हाय की ओ," ती म्हणाली.

सगळे हसले. मालक तर मोठ्यांदा. "अहो मावशी, सोलापुरात गारच बरं! वर्षभर ऊनच ऊन!"

ती हसली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. "ताई, पानी हातपंपाला बी हाय. खारट हाय, पन हाय. मला ऊन पायजे हुतं."

मी तिथल्या तिथं मालकांना गाठलं. पाहुण्यांच्या गळ्यात अजून हार होते. मी म्हणाले, "साहेब, मी गरम पाण्याचा फाटा मागितला होता!" ते दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, पाहुण्यांसमोर नको. पाणी मागितलं, पाणी दिलं. आता ते तापवूनही आपणच द्यायचं का?"

पण ते तापलेलंच होतं ना! आपण तापवलेलं, कागदानं वापरून झालेलं, तरी कढत असलेलं. ते ओंजळभर बाहेर गेलं तर काय बॉयलर विझणार होता? मी हे सगळं म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही, कारण तेवढ्यात पेढे आले.

थंडी पडली. आमच्याकडं थंडी थोडेच दिवस असते, पण पहाटे चांगली झोंबते. एका सकाळी बॉयलरच्या बाजूला उभी होते तर भिंतीपलीकडून काळा धूर वर येताना दिसला, आणि वास. तो वास आम्हाला सगळ्यांना ओळखू येतो. रद्दीच्या खोक्यांबरोबर चिकटपट्ट्या, प्लास्टिकच्या पिशव्या, पिना, काय वाटेल ते येतं. लगद्यातून ते बाजूला काढून मागच्या अंगाला ढीग घालतात. ते उचलून न्यायला गाडी येते, येते तेव्हा येते. तोवर ढीग भिंतीच्या वर डोकावतो.

मी पुन्हा वळसा घालून गेले. खोपटापुढं तीन दगडांची चूल मांडलेली. वर घंगाळं. खाली आमचं प्लास्टिक भडाभडा जळत होतं, काजळी सुटलेली. एक ओली बाळंतीण पदरानं नाक-तोंड झाकून बसलेली, आणि म्हातारीच्या पायांवर बाळ. बाळाचं नाक कोण झाकणार? ते खोकत होतं. एवढ्याशा बाळाचा खोकला मी तोवर ऐकला नव्हता.

मी ओरडलेच. "मावशी, हे काय जाळताय? विष आहे हे! लेकराच्या छातीत जातंय!"

"मग काय जाळू?" तीही पहिल्यांदाच आवाज चढवून बोलली. "लाकूड कुटं हाय हितं? ग्यास पुरत न्हाय भाकरीला. बाळंतिनीला गार पान्यानं घालू व्हय न्हाऊ? तुमीच सांगा! लई बायका येतच न्हाईत आता. ज्या येत्यात त्यांना काय म्हनू, जावा घरला?"

आम्ही आत चिपाड वाचवत होतो, फळ्यावर आकडा चढत होता, आणि तीच ऊब भिंतीपलीकडं प्लास्टिक जाळून तयार होत होती, बाळांच्या नाकाशी. बचत कसली? जाळण्याची जागा बदलली होती फक्त.

त्या दिवशी मालकांच्या केबिनमध्ये मी खुर्चीवर बसलेसुद्धा नाही. उभ्यानंच सांगितलं, काय जळतंय आणि कुणापुढं. ते खरंच हादरले. लगेच फोन उचलला. मला वाटलं, फाट्याचं सांगतायत. त्यांनी ढिगाभोवती पत्रे ठोकायला सांगितले, बायकांना आमचं प्लास्टिक उचलता येऊ नये म्हणून.

"आणि पाणी, साहेब?"

"मॅडम, थेंब न थेंब परत आला पाहिजे, हे कुणाचं वाक्य? तुमचं. आता तुम्हीच गळती मागता? आकडा खाली आला तर मी पाहुण्यांना काय सांगू?"

मी बाहेर आले ती थेट बॉयलरवर. मामांना सगळं सांगितलं, मालकांना काही वाईटसाईट बोलले, ते इथं लिहीत नाही. मामा बिडीचं थोटूक बोटात फिरवत ऐकत होते. मग म्हणाले, "सुट्टीच्या दिशी बॉयलर थंड असतोय. वेल्डर माझा साडूच हाय."

सुट्टीच्या दिवशी परतीच्या पाइपाला बोटभर जाडीचा फाटा काढला, एक कॉक बसवला, आणि जुन्या भोकातूनच तो भिंतीपार नेला. कुणाची परवानगी नाही, कुठं नोंद नाही. सापडलं तर माझी नोकरी जाईल, कदाचित मामांचीही. दुसऱ्या दिवशी बॉयलर पेटल्यावर मी मागं गेले. म्हातारीनं कॉक फिरवला. वाफ फुसफुसली आणि मागून पाणी आलं. कोपर नाही, तिनं नुसता तळवा वाफेवर धरला.

मी चुलीशेजारी बघितलं. पत्रे ठोकायच्या आधी भरून आणलेलं प्लास्टिकचं एक पोतं तिथं होतं, तोंड नीट बांधलेलं.

"मावशी, हे आता टाकून द्या. आता कशाला हवंय?"

"ऱ्हाऊ दे की," ती म्हणाली.

"अहो, पाणी आलं ना आता!"

"आलं की. ग्वाड हाय." तिनं घंगाळं धारेखाली सरकवलं. "पर तुमी एकदा दिलं, एकदा काडून घेतलं, एकदा गार दिलं, आता पुन्ना ऊन दिलं. हे किती दिस, ताई?"

फळ्यावरचा आकडा तेव्हापासून थोडा खाली आहे. मालक दर आठवड्याला विचारतात, मॅडम, कुठं गळतंय, शोधा. मी शोधते म्हणते. मागं गेले की आधी त्या पोत्याकडं बघते. ते तिथंच आहे, आणि ते फेकून द्या असं पुन्हा सांगायची माझी हिंमत झालेली नाही.